पोलो जीटी की बलेनो आरएस? गावाकडे रोज चालवायला जुनी पळणारी गाडी निवडताना

खरी स्पोर्ट्स कार, म्हणजे दोन दारांची आणि जमिनीला टेकलेली, आपल्याकडे रोज चालवता येत नाही. गावच्या पहिल्याच ब्रेकरवर चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) ठोकलं जातं आणि तेल रस्त्यावर येतं. म्हणून ज्याला पळणारी गाडी हवी पण तीच गाडी घेऊन तालुक्याला, बँकेत, वावरात आणि लग्नालाही जायचं आहे, त्याची नजर शेवटी टर्बो पेट्रोल हॅचबॅकवर येऊन थांबते. जुन्या बाजारात यातली दोन नावं सारखी समोर येतात: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि मारुतीची बलेनो आरएस. दोन्ही चार मीटरच्या आत, दोन्हीची ताकद शंभर पीएसच्या वर आणि दोन्हीचं उत्पादन बंद. कोणती घ्यायची हे ठरवताना शून्य ते शंभरच्या आकड्यापेक्षा तुमचा रस्ता आणि मिस्त्रीपर्यंतचं अंतर जास्त कामाचं असतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी रस्ता मोजा, गाडी नंतर बघा

एक आठवडा सध्याच्या वाहनाने रोजचा प्रवास लिहून काढा. डांबरी किती, सिमेंटचा किती, मुरूम-गिट्टीचा किती, पांदण किती आणि ब्रेकर किती. काळ्या मातीच्या पट्ट्यात रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. म्हणून नवं डांबरही दोन वर्षांत लाटांसारखं होतं आणि साइडपट्टी तुटून कडा उघडी पडते. समोरून ट्रॅक्टर आला की तुम्हाला त्याच कडेवरून खाली उतरावं लागतं. टायर, रिम आणि लिंक रॉड इथेच संपतात.

या दोन्ही गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १६५ ते १७० मिलिमीटर आहे. हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं आणि डिक्कीत दोन पोती बसली की गाडी बरीच खाली दबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून दोन्ही आरामात जातात. पण गावकऱ्यांनी रात्रीतून टाकलेला ब्रेकर कोणत्याही मापाचा नसतो. तुमच्या वाटेवर असे ब्रेकर असतील तर सध्याच्या गाडीत चार माणसं बसवून ते पार करून बघा. सध्याची गाडी घासत असेल तर या दोन्हीही घासतील.

रोज दोन किलोमीटरपेक्षा जास्त पांदण तुडवायची असेल तर हा लेख इथेच सोडा आणि उंच गाडी बघा. पावसाळ्यात चिकट काळ्या मातीत या दोन्ही गाड्या सारख्याच अडकतात.

२. कागदावरचा फरक

पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. १.२ लिटर, चार सिलिंडर, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. गिअरबॉक्स सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर हे इंजिन गेलं आणि एक लिटर, तीन सिलिंडरचं ११० पीएसचं टीएसआय आलं. जीटीमध्ये त्याला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक होता. २०२२ मध्ये भारतातली पोलोच बंद झाली. त्यामुळे ‘पोलो जीटी’ म्हणताना आधी कोणती, ते विचारा. २०२० च्या आधीची आणि नंतरची या जवळजवळ दोन वेगळ्या गाड्या आहेत.

बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये आली आणि बीएस-६ च्या तोंडावर बंद झाली. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. वजन साधारण ९५० किलो, म्हणजे पोलोपेक्षा दीडशे किलोच्या आसपास हलकी. टॉर्क कमी असूनही ती मागे का पडत नाही, याचं उत्तर या वजनात आहे.

पोलोकडे ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आणि चढावर गाडी मागे सरकू न देणारा हिल होल्ड आहे, आरएसकडे नाही. पोलोचं दार बंद करताना जो आवाज येतो त्यावर अर्धी गिऱ्हाइकं गाडी घेऊन टाकतात. तो आवाज खरा आहे, हायवेला गाडी रस्ता धरून चालते हेही खरं आहे. पण मागच्या सीटवर तिघं बसून अमरावतीहून नागपूरला गेले की तक्रार सुरू होते. बलेनोत पाय पसरायला जागा आहे आणि डिक्की ३३९ लिटरची, पोलोची २८०.

अधिकृत मायलेज आरएसचं लिटरला २१.१, १.२ लिटर जीटीचं १७.२ किलोमीटर. रस्त्यावर दोन्ही याहून बऱ्याच कमी देतात. समजा एकीने १५ आणि दुसरीने १२ दिलं आणि महिन्याला १,५०० किलोमीटर झाले, तर १०० आणि १२५ लिटर, म्हणजे २५ लिटरचा फरक. टाकी मात्र आरएसची लहान, ३७ लिटर. पोलोची ४५. पंप दूर असेल तर हेही बघावं लागतं.

३. खरा निर्णय गिअरबॉक्सवर होतो

२०२० पूर्वीच्या जीटीतला सात गिअरचा डीएसजी हा ड्राय क्लच प्रकारचा आहे. आत दोन क्लच असतात, एक सम गिअरसाठी आणि एक विषम गिअरसाठी. ते तेलात बुडालेले नसल्यामुळे थंड होण्यासाठी त्यांना फक्त हवा मिळते. मोकळ्या हायवेवर क्लच पूर्ण जुळलेला असतो, म्हणून काही त्रास नसतो. पण आठवडी बाजारात बैलबंडीच्या मागे ताशी चार-पाच किलोमीटरने सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. त्यात विदर्भाचा मे महिना. बाहेर ४५ अंश, सिमेंटच्या रस्त्याची धग खालून आणि इंजिनाची धग वरून. क्लच प्लेटचं आयुष्य इथे झिजतं. त्यासोबत मेकाट्रॉनिक नावाचं युनिट असतं. गिअर टाकणारे व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारा संगणक त्यात एकत्र बसवलेले असतात. उष्णतेने तेही दगा देतं. ते बदलायचं म्हटलं तर खर्च लाखाच्या घरात जातो आणि तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातचं ते काम नाही. गाडी टोइंग करून शहरात न्यावी लागते.

म्हणजे हा गिअरबॉक्स वाईट आहे असं नाही. ज्याचा रोजचा रस्ता ऐंशी टक्के मोकळा आहे, त्याच्याकडे तो वर्षानुवर्षे नीट चालतो. विकत घेणाऱ्याने एवढंच बघायचं की आधीच्या मालकाने गाडी कुठे चालवली. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ६०,००० किलोमीटर चाललेल्या जीटीपेक्षा नागपूर-वर्धा मार्गावर ९०,००० चाललेली जीटी बरी.

आरएसचा क्लच साधा आहे. तो जळला तरी कोणत्याही तालुक्यातला चांगला मिस्त्री गिअरबॉक्स उतरवून तो बदलू शकतो. तिची अडचण दुसरीकडे आहे. मारुतीचं वर्कशॉप जवळ असतं, पण आरएसचं टर्बो इंजिन साध्या बलेनोचं नाही आणि गाड्या कमी विकल्या गेल्यामुळे टर्बो, हाय प्रेशर पंप, इंजेक्टर असे भाग काउंटरवर ठेवलेले नसतात. मागवावे लागतात. २०२३ मध्ये आलेल्या फ्राँक्समध्ये त्याच घराण्यातलं एक लिटर बूस्टरजेट इंजिन आहे, त्यामुळे काही भाग जुळू शकतात. मात्र पार्ट नंबर जुळवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

आमचं मत सरळ आहे. फोक्सवॅगनचं वर्कशॉप तुमच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटरच्या आत असेल, घरात दुसरं वाहन असेल आणि गाडी घेतल्यावरही दीड लाख बाजूला ठेवता येत असतील, तरच १.२ जीटीच्या वाटेला जा. पोलोच हवी आणि खिसा थोडा ताणता येत असेल तर २०२० नंतरची एक लिटरची शोधा. तिच्यात ड्राय क्लचचं दुखणं नाही आणि तिच्या इंजिनाचे भाईबंद टायगुन, व्हर्टस, कुशाकमध्ये आजही आहेत. एकच गाडी, त्यात सगळं घर आणि वर्कशॉप लांब, असं असेल तर आरएस.

४. बिल्ला खरा आहे का ते बघा

मागच्या दारावर ‘आरएस’ किंवा ‘जीटी टीएसआय’ लिहिलेला बिल्ला बाजारात काहीशे रुपयांना मिळतो. म्हणून आधी आरसी बुक बघायचं.

बलेनो आरएसच्या आरसीवर इंजिन ९९८ सीसी असतं. साध्या पेट्रोल बलेनोवर ११९७. मागच्या चाकांना डिस्क दिसली पाहिजे. पोलोत फसगत जास्त होते, कारण १.२ लिटरची साधी पोलो ११९८ सीसीची आणि टीएसआय ११९७ सीसीची. एका आकड्याचा फरक. पण १.२ टीएसआय जीटी फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली, म्हणून क्लचचं पेडल दिसलं आणि समोरचा “१.२ जीटी टीएसआय आहे” म्हणाला तर तिथूनच परत फिरा. जीटी टीडीआय नावाची डिझेल गाडीही होती, ती मॅन्युअल होती. ती वेगळी गाडी आहे.

दुसरी गोष्ट रिमॅपची. पोलो टीएसआयचा संगणक बदलून ताकद वाढवण्याची हौस तरुण पोरांना फार असते. विकण्याआधी मूळ फाइल परत टाकतात. तरी खुणा राहतात: बाहेरचा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, बॉनेटखाली नवे क्लॅम्प आणि चकचकीत पाइप. या डीएसजीची पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, रिमॅप केलेली गाडी त्याच्या जवळ जाते. अशी गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

५. स्वस्त गाडी कुठून आली?

दिल्लीत जुन्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या खाली येतात आणि एजंट “एनओसीसकट” म्हणून विकतात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. भावात हा कर, येण्याजाण्याचा खर्च आणि आरटीओच्या चकरा मिळवल्या की स्वस्ताई उरत नाही.

महाराष्ट्रातलीच पण पुण्याची किंवा मुंबईची गाडी असेल तर नंबर तोच राहतो, मालक बदलतो. एमएच-१२ नंबर गावात मिरवायला काही हरकत नाही. फक्त पुरात बुडालेली नाही ना, ते तपासा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग असतो. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. डॅशबोर्डखाली डोकं घालून लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि कोपऱ्यात वाळलेला चिखल आहे का, ते टॉर्चने बघा. नव्या सीट कव्हरचा आणि अत्तराचा वास एकत्र येत असेल तर जास्तच बारकाईने बघा.

६. पाहणी: सकाळी, थंड इंजिनावर

सोबत ठेवायचं सामान: टॉर्च, अंथरायला जुनी चटई, कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक (पुट्टी भरलेल्या पत्र्याला ते चिकटत नाही), टायरमध्ये हवा मोजायचा गेज, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र). मारुतीला साधा ब्लूटूथ स्कॅनर बऱ्यापैकी चालतो. पोलोच्या डीएसजीचे कोड वाचायला फोक्सवॅगनसाठी बनलेला स्कॅनर लागतो, तो असलेला मिस्त्री हजार-दोन हजार घेऊन सोबत येत असेल तर आणा.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय असं समजून चाला.

थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टायमिंगची साखळी किंवा तिचा टेन्शनर ढिला आहे. आयडलवर गाडी थरथरत असेल आणि गरम झाल्यावर शांत होत असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचलेला असू शकतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. १.२ जीटी आणि आरएस दोन्हींत हे होतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, टर्बोचं सील गेलं असण्याची शक्यता धरा. तेलाचं झाकण उघडून आत काळा चिकट गाळ दिसला तर आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललेलं नाही. टर्बोच्या गाडीत याला माफी नाही, कारण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याला सांभाळणारा फक्त तेलाचा पातळ थर असतो.

मग चटई टाका आणि खालून बघा. चेंबरवर ठोकल्याची खूण, वेल्डिंग, ओलं तेल. इंजिनाखालची प्लास्टिकची ट्रे जागेवर आहे की तारेने बांधली आहे? पुढे इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि एसीचा कंडेन्सर धुळीने, कापसाच्या तंतूने बुजलेला असतो. बुजलेला धुता येतो, पण जाळी चेपलेली असेल तर भाव पाडा.

बॉनेटखालच्या वायरिंगवर काळी टेप जागोजागी गुंडाळलेली दिसली तर उंदराने कुरतडलंय. शेताजवळच्या गाड्यांचा हा सर्वात मोठा आणि सर्वात कमी बोलला जाणारा आजार आहे. जोड चांगला असेल तर गाडी चालते, पण पुढे कधी कोणता सेन्सर बंद पडेल हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. ‘१४२१’ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर आपल्या उन्हात कडक झालेले असतात, बदलाचे पैसे भावात धरा. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर. आरएसला १९५/५५ आर१६ टायर आहेत, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबराची भिंत साधारण १०७ मिलिमीटरची. कुणी सतरा इंची रिम टाकली असेल तर ती भिंत आणखी बारीक होते आणि पहिल्या खोल खड्ड्यात रिम वाकते. मूळ रिम परत मागा.

७. चालवून बघा, तेही दुपारी

सकाळची पाहणी पास झाली तर त्याच दिवशी दुपारी चालवायला मागा. किमान तीस किलोमीटर, एसी पूर्ण, चार माणसं बसवून. डीएसजीचं दुखणं थंड असताना लपतं.

पोलोत: अर्धा तास चालवल्यावर गर्दीच्या रस्त्यावर न्या आणि ब्रेकवरून पाय उचलून गाडीला आपोआप सरकू द्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या अदलाबदलीत धक्के किंवा थरथर जाणवली तर क्लच संपत आलाय. रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. गिअरचा आकडा चमकू लागला किंवा पाना-चिन्ह आलं तर चर्चा तिथेच संपवा. “गाडी बंद करून परत चालू केली की जातं” हे उत्तर विकणाऱ्याकडून हमखास येतं. जातं, आणि परतही येतं.

आरएसमध्ये: चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बोचा ढकलल्यासारखा जोर यायला हवा. ब्रेकसाठी एक खास तपासणी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट होईल. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर व्हॅक्युम नीट आहे. हे यासाठी की २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस मारुतीने २०२३ मध्ये ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्युम पंपासाठी परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन ते काम झालंय की नाही, वर्कशॉपमध्ये विचारा. झालं नसेल तर विकणाऱ्यालाच करून द्यायला सांगा.

दोन्हींत खराब रस्त्यावर काच खाली करून ऐका. टक-टक म्हणजे लिंक रॉड, धप्प आवाज म्हणजे शॉकअप किंवा त्याची वरची गादी. हे दोष भाव कमी करायला चांगले, गाडी नाकारायला नाही.

८. कागद

• मूळ आरसी. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
• फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांचे
• परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी
• चालू विमा आणि पीयूसी
• दोघांचे आधार, पॅन. पॅन नसेल तर फॉर्म ६०
• सर्व्हिसची बिलं, दोन्ही चाव्या

परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, बोजा, विमा, पीयूसी आणि बाकी ई-चलान बघा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारी सुरक्षित नंबर प्लेट) बसली आहे का तेही बघा. समृद्धीवर ताशी १२० च्या मर्यादेपुढे पळवलेल्या गाड्यांची चलानं कधी कधी किमतीत मोजावी इतकी असतात.

गाडी ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत तुम्ही आणि राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं. “कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो, नावावर नंतर करा” असं कुणी म्हटलं तर दोघांचंही नुकसान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो: २०२२ च्या दराने हजार सीसीच्या आत २,०९४ आणि त्यावर १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. ९९८ सीसीची आरएस इथे दोन सीसीने वाचते.

इसार द्यायचा असेल तर स्टॅम्प पेपरवर लिहून द्या (ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० ऐवजी ५०० रुपयांचा लागतो) आणि चेसिस नंबर, ठरलेली किंमत, नावावर करून देण्याची तारीख त्यात घाला. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. पैसे खात्यात टाका, तोच तुमचा पुरावा.

९. घेतल्यानंतरचा पहिला महिना

विकणाऱ्याने “परवाच सर्व्हिस केली” म्हटलं तरी तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर बदला. कंपनीचं वेळापत्रक मारुतीला १०,०००, फोक्सवॅगनला १५,००० किलोमीटरचं असलं तरी आपल्या धुळीत ७,५०० ला तेल बदललेलं बरं. कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदा काढून नवं भरा. प्लग बघा.

पंपावर मिळणारं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल या वयाच्या गाड्यांच्या मापाने बनलेलं नाही. मायलेज थोडं कमी होतं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी तळाला आलेली ठेवू नका, भरून ठेवा.

हायवेवरून आल्यावर शेवटचा किलोमीटर हळू चालवा, तापलेल्या टर्बोतून तेल फिरत राहतं. डीएसजी असेल तर गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून सरकू नका. पाच-सहा मीटर जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. लांब थांबायचं असेल तर न्यूट्रल. हवा सकाळी, थंड टायरवर मोजा. तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा काढून टाकली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो, मग समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तो तापून फुटतो.

ब्रेकर तिरका घ्या, एका वेळी एक चाक. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून जाऊ नका. घसरणं राहिलं बाजूला, कुटार सायलेन्सरच्या तापलेल्या भागात अडकून पेट घेतं. वाळलेल्या गवतावर गरम गाडी उभी करू नका, तेच कारण.

आणि गाडी ज्या टिनाच्या शेडमध्ये ठेवाल तिथून सरकी, ढेप आणि तुरीची पोती हलवा. उंदीर आधी पोत्यासाठी येतो, मग बॉनेटखालच्या उबेत घर करतो. पोती हलवणं जमत नसेल तर गाडी बाहेर उभी करा आणि रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवा. उजेड आणि गारवा असला की तो तिथे थांबत नाही.